मेजिरोचं मुलींचं विद्यापीठ : एका पुस्तिकेची गोष्ट

एस.एन.डी.टी. हे नाव ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. कुणाची आत्या तिथे शिकलेली असते, कुणाची बहीण. पुण्यात कर्वे रोडला तर त्या नावाचा बसस्टॉपच आहे. महर्षी कर्व्यांनी हे विद्यापीठ काढलं हेही आपण चौथी-पाचवीच्या पुस्तकात वाचलेलं असतं आणि दोन मार्कांच्या प्रश्नापुरतं पाठही केलेलं असतं. पण त्या विद्यापीठाची कल्पना अण्णांना सुचली कुठून, हे विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण डोकं खाजवतील.

उत्तर आहे टोकियो. टोकियोच्या मेजिरो भागात मुलींचं एक खासगी विद्यापीठ आहे. जपानीत त्याला 'निहोन जोशी दाइगाकु' म्हणतात, म्हणजे 'जपान महिला विद्यापीठ'. १९०१ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ आजही चालू आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर एस.एन.डी.टी.चं प्रोटोटाइप तिथे होतं. प्रोटोटाइप कसं बनलं, त्यात काय काय अडचणी आल्या आणि त्यातून आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी काय घ्यावं, ते या लेखात बघू या.

आधी थोडी पार्श्वभूमी

१८६८ नंतर जपानने एकदम गिअर बदलला. रेल्वे आली, टेलिग्राफ आला, कारखाने आले, १८७२ मध्ये शाळांचा कायदा आला. १८७१ साली सरकारने पाच मुलींना शिकायला अमेरिकेला पाठवलं. त्यातली सगळ्यात धाकटी त्सुदा उमेको तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती! पण पाठवलं म्हणजे पुढे काय करायचं हे ठरलेलं होतं असं नाही. मुली शिकून परत आल्या तर त्यांच्यासाठी ना नोकरी होती, ना पुढचं शिक्षण.

१८९९ मध्ये सरकारने प्रत्येक प्रांतात मुलींसाठी निदान एक हायस्कूल हवं असा हुकूम काढला. पण त्याचा हेतू होता 'चांगली पत्नी आणि शहाणी आई' घडवणं. हा शब्दप्रयोग त्या काळी जपानमध्ये सगळ्यांच्या तोंडी होता. हायस्कूलच्या पुढचा रस्ता जवळजवळ बंद होता. सरकारी म्हणजे 'इम्पीरियल' विद्यापीठं फक्त मुलांची. मुलींनी शिक्षिका व्हायचं असेल तर नॉर्मल स्कूलला जावं, बाकी घरी बसावं, असा सगळा मामला.

आणि मग १९०० ते १९०१ या दीड-दोन वर्षांत तीन खासगी संस्था टोकियोत उभ्या राहिल्या. त्सुदा उमेकोने मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. योशिओका यायोई नावाच्या डॉक्टरीणबाईंनी मुलींचं मेडिकल स्कूल काढलं. आणि तिसरी संस्था म्हणजे आपली मेजिरोची. पहिल्या दोन एकेका विषयाच्या होत्या. तिसरीने मात्र नावातच 'विद्यापीठ' लावलं. हे धाडस कुणाचं?

नारुसे जिन्झो

हे धाडस नारुसे जिन्झो यांचं. (जपानी लोक आडनाव आधी लावतात, म्हणजे आपण 'कर्वे धोंडो' म्हटल्यासारखं.) जन्म १८५८. आता गंमत बघा, अण्णा कर्व्यांचा जन्मही १८५८ चाच! एक कोकणातला, एक पश्चिम जपानमधल्या यामागुची भागातला. दोघांची भेट कधी झाली नाही.

नारुसे सामुराई घराण्यातले. तरुणपणी ख्रिस्ती झाले, ओसाकाच्या बाइका नावाच्या मुलींच्या शाळेत शिकवलं, चर्चमध्ये पाद्री म्हणून काम केलं. १८९० ते १८९४ या काळात ते अमेरिकेत होते. तिथे त्यांनी मुलींची कॉलेजेस डोळ्याखालून घातली. परत आल्यावर १८९६ साली 'स्त्री-शिक्षण' अशा साध्या नावाचं एक पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकातला मुद्दा एका ओळीत सांगता येतो. स्त्रीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून आणि मग देशाची नागरिक म्हणून.

हा क्रम महत्त्वाचा. सरकारच्या 'चांगली पत्नी, शहाणी आई' या सूत्रात माणूस कुठे नव्हताच. नारुसेंनी पत्नीपण आणि आईपण नाकारलं नाही, फक्त रांगेत एक नंबर मागे सरकवलं. तेवढ्यानेही पुष्कळांच्या भुवया वर गेल्या.

असाकोबाई आणि कोळशाची खाण

पुस्तक लिहिणं सोपं, विद्यापीठ बांधणं अवघड. नारुसे ते पुस्तक काखेत मारून श्रीमंतांची दारं ठोठावत फिरले. त्यातलं एक दार उघडलं ते हिरोओका असाको या बाईंनी. ह्या बाईंबद्दल दोन परिच्छेद लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

असाको १८४९ साली क्योतोच्या मित्सुई घराण्यात जन्मल्या. हो, तेच मित्सुई. लहानपणी त्यांना वाचायचं फार वेड होतं. तेरा वर्षांच्या झाल्यावर घरच्यांनी वाचनावर बंदी घातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या ओसाकाच्या एका सावकारी पेढीच्या घरात आल्या. नवीन राजवटीत जुन्या पेढ्या बुडू लागल्या तेव्हा ह्या बाईंनी स्वतः हिशेब शिकून घेतला आणि धंदा हातात घेतला. दक्षिणेकडे क्यूशू बेटावर घराण्याने एक कोळशाची खाण घेतली होती. ती नीट चालेना, तेव्हा बाई स्वतः खाणीवर जाऊन राहिल्या आणि सोबत पिस्तूल बाळगलं असं सांगतात. पुढे बँक काढली, १९०२ मध्ये आयुर्विमा कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. ती कंपनी आजही आहे. २०१५-१६ मध्ये जपानच्या सार्वजनिक टीव्हीवर त्यांच्या आयुष्यावर बेतलेली रोजची मालिका लागली आणि ती प्रचंड गाजली.

नारुसेंचं पुस्तक वाचून या बाईंना आपलं तेरावं वर्ष आठवलं असणार. त्यांनी नुसते पैसे दिले नाहीत. मंत्री, उद्योगपती, नातेवाईक, सगळ्यांच्या मागे लागल्या. माहेरच्या मित्सुई घराण्याकडून मेजिरोची जागा मिळाली, सुमारे साडेपाच हजार त्सुबो, म्हणजे साधारण साडेचार एकर. आधी विद्यापीठ ओसाकात काढायचं चाललं होतं. जागा टोकियोत मिळाली म्हणून ते टोकियोत गेलं. माजी पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू आणि उद्योगपती शिबुसावा एइची हेही पाठीशी उभे राहिले. हे शिबुसावा पुढे म्हातारपणी, १९३१ साली, काही महिने या विद्यापीठाचे अध्यक्षही झाले. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या. त्यातल्या दहा हजार येनच्या नोटेवर हेच शिबुसावा आहेत आणि पाच हजारच्या नोटेवर वर सांगितलेल्या त्सुदा उमेको.

२० एप्रिल १९०१

या दिवशी विद्यापीठ सुरू झालं. विभाग तीन : गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य. शिवाय इंग्रजी कच्चं असणाऱ्यांसाठी एक तयारीचा वर्ग आणि सोबत मुलींचं हायस्कूल. वरच्या वर्गांत २२२ मुली आणि हायस्कूल धरून एकूण ५१०. पहिल्याच वर्षी एवढ्या मुली येतील असं विरोधकांना तर नक्कीच वाटलं नव्हतं. विरोध काय होता? तोच, जो आपल्याकडेही होता. मुली जास्त शिकल्या की तब्येत बिघडते, लग्न जमत नाही, नवऱ्याला उलट उत्तरं देतात वगैरे वगैरे.

नावात विद्यापीठ, कायद्यात नाही

आता खरी मेख इथे आहे. नाव 'विद्यापीठ' असलं तरी सरकारने त्यांना विद्यापीठ मानलंच नाही. १९०४ मध्ये मान्यता मिळाली ती 'सेन्मोन गाक्को' म्हणून, म्हणजे आपल्या हिशेबाने डिप्लोमा कॉलेजसारखी. १९१८ साली नवा कायदा आला आणि खासगी विद्यापीठांनाही पूर्ण दर्जा मिळायची सोय झाली. केओ आणि वासेदा या मुलांच्या संस्था १९२० मध्ये कायदेशीर विद्यापीठं झाल्या. मेजिरोच्या पदरी काही पडलं नाही. तिथल्या मुलींच्या हातात खऱ्या अर्थाने 'डिग्री' पडायला १९४८ साल उजाडावं लागलं. महायुद्ध संपलं, नवी घटना आली, मुलींना मताचा हक्क मिळाला, शिक्षणपद्धती बदलली, तेव्हा कुठे. म्हणजे तब्बल ४७ वर्षं ही संस्था 'विद्यापीठ' हे नाव लावून बिनडिग्रीची चालली.

आपल्याला युनिव्हर्सिटीचं मार्कशीट आठवडाभर उशिरा आलं तर आपण ऑफिसच्या खिडकीवर गर्दी करतो. ४७ वर्षं! आणि तरीही मुली येत राहिल्या. का येत राहिल्या, याचं उत्तर पुढच्या दोन भागांत आहे.

होस्टेल

हा भाग खास होस्टेलवाल्यांसाठी. नारुसेंच्या डोक्यात होस्टेल ही केवळ झोपायची आणि जेवायची सोय नव्हती, तो अभ्यासक्रमाचाच भाग होता. देशभरातून मुली येणार, त्यांना टोकियोत राहायला जागा हवी, हे तर होतंच. पण त्यांनी एक मोठी बराक बांधण्याऐवजी छोटी छोटी घरं केली. एकेका घरात थोड्या मुली आणि सोबत एक मोठी बाई. स्वयंपाक, बाजारहाट, हिशेब, साफसफाई हे सगळं मुली पाळीपाळीने बघत.

यात घरकाम शिकवण्याचा हेतू होता हे उघड आहे आणि त्यावर टीकाही करता येईल. पण दुसरी बाजूही बघा. स्वतःचा कारभार स्वतः चालवायची, पैसे सांभाळायची, भांडणं मिटवायची सवय त्या मुलींना इथे लागली. आपल्याकडे मेस कमिटीत ज्याने एक सेमिस्टर काढलं आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पन्नास जणांच्या जेवणाचं बजेट बसवणं हे कुठल्याही मॅनेजमेंटच्या पेपरपेक्षा अवघड असतं.

१९०४ साली पहिली बॅच बाहेर पडली आणि लगेच माजी विद्यार्थिनींची संघटना उभी राहिली. त्या पहिल्या बॅचमधल्याच इनोउए हिदे १९३१ मध्ये या संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ज्या संस्थेत आपण शिकलो ती आपण चालवायची, हे तिथे तीस वर्षांत घडलं.

याच होस्टेलसंस्कृतीशी जोडलेला एक भारतीय धागाही आहे. डोंगरातल्या कारुइझावा गावी या विद्यापीठाचं उन्हाळी निवासस्थान होतं. १९१६ च्या ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ टागोर तिथे जाऊन राहिले आणि मुलींशी ध्यानधारणेवर बोलले. त्यांना ऐकणाऱ्यांमध्ये एक विद्यार्थिनी होती, पुढे कोरा तोमी या नावाने ओळखली गेलेली. ती मानसशास्त्रज्ञ झाली, खासदार झाली, टागोर पुन्हा जपानला आले तेव्हा त्यांची दुभाषी झाली. कारुइझावात आज टागोरांचा पुतळा आहे.

होम सायन्सची लॅब

होम सायन्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? लोणची, भरतकाम, फार तर बेकिंग. नारुसेंनी तो विषय वेगळ्या तऱ्हेने बसवला. घर चालवायचं तर अन्न म्हणजे काय ते कळायला हवं, म्हणजे केमिस्ट्री आली. आरोग्य हवं, म्हणजे बायॉलॉजी आली. शिकवायला माणूसही तसाच आणला. नागाई नागायोशी हे जपानच्या आधुनिक औषधशास्त्राचे जनक मानले जातात. दम्यावर वापरलं जाणारं एफेड्रिन त्यांनीच वनस्पतीपासून वेगळं काढलं. असा माणूस या मुलींना केमिस्ट्री शिकवत होता आणि प्रॅक्टिकल करून घेत होता!

परिणाम काय झाला? तांगे उमे नावाची मुलगी पहिल्या बॅचमध्ये होमसायन्सला होती. लहानपणी अपघातात तिचा एक डोळा गेलेला. तिने केमिस्ट्री धरून ठेवली. १९१३ मध्ये सेंदाई शहरातल्या तोहोकू इम्पीरियल विद्यापीठाने मुलींना प्रवेश द्यायचं ठरवलं, तेव्हा शिक्षणमंत्रालयातून 'हा काय प्रकार आहे, खुलासा करा' अशा थाटाचं पत्र गेलं. विद्यापीठ हललं नाही. ज्या तिघींना प्रवेश मिळाला त्या जपानच्या इम्पीरियल विद्यापीठातल्या पहिल्या विद्यार्थिनी. त्यातली एक तांगे उमे. वय वर्षं ४०! पुढे ती अमेरिकेला गेली, १९२७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सची पीएच.डी. घेतली, परत येऊन व्हिटॅमिनवर संशोधन केलं आणि १९४० मध्ये टोकियो इम्पीरियलची कृषिशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली. मध्येच मेजिरोला येऊन शिकवतही होती. एटीकेटी लागली म्हणून 'आता आपलं वय झालं' म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

दुसरं उदाहरण आपल्या सिव्हिल आणि आर्किटेक्चरवाल्यांसाठी. महायुद्धानंतर गृहशास्त्राच्याच शाखेतून घरबांधणीचा अभ्यास वेगळा निघाला. घर 'सांभाळायला' शिकवायचं तर घर 'बांधायला' का नको, असा साधा हिशेब. तिथून हायाशी मासाको निघाल्या. जपानमधल्या स्वतःच्या नावावर काम करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या स्त्री आर्किटेक्ट. आणि तिथूनच सेजिमा काझुयो निघाल्या. १९८१ मध्ये मेजिरोहून मास्टर्स. कानाझावाचं गोल काचेचं म्युझियम (२००४), न्यूयॉर्कचं न्यू म्युझियम (२००७), स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या तंत्रविद्यापीठाचं लाटेसारखं वरखाली जाणारं रोलेक्स लर्निंग सेंटर (२०१०), ही सगळी त्यांची आणि त्यांचे भागीदार निशिझावा र्‍यूए यांची कामं. २०१० मध्ये दोघांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं, ज्याला आर्किटेक्चरचं नोबेल म्हणतात. संस्थेला १२० वर्षं झाली तेव्हा, २०२१ पर्यंत, मेजिरोच्या कॅम्पसमध्ये ज्या नव्या इमारती झाल्या, त्याही सेजिमांनीच डिझाइन केल्या.

त्याच कॅम्पसमध्ये १९०६ चा एक जुना सभागृह आहे. १९२३ च्या भूकंपात त्याच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींना तडाखा बसला. मग बाहेरची बाजू लाकडात बांधून काढली. आतला हॉल जुनाच. भूकंपात विटेचं बांधकाम का मार खातं आणि लाकडाचं का तगून राहतं, हे स्ट्रक्चर्सच्या सरांना विचारा, तासभर बोलतील.

पोरी हाताबाहेर गेल्या

संस्थापकाला हवं तसंच विद्यार्थी वागतात असं कुठे लिहिलेलं नाही. १९०६ साली होमसायन्स शिकून बाहेर पडलेल्या हिरात्सुका रायचो हिने १९११ मध्ये मैत्रिणींना घेऊन 'सेइतो' नावाचं मासिक काढलं. सुरुवातीच्या मंडळींत बहुतेक जणी मेजिरोच्याच. फक्त बायकांनी लिहिलेलं, बायकांनी चालवलेलं मासिक. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ नागानुमा चिएको हिने काढलं, तीही मेजिरोचीच. लग्न, गर्भपात, शील असे विषय त्यात छापून येऊ लागले तेव्हा सरकारने काही अंकांवर बंदी घातली. विद्यापीठातल्या वडीलधाऱ्यांनाही हे झेपलं नाही. 'माणूस म्हणून शिकवा' म्हटलं होतं खरं, पण माणूस म्हणून शिकलेली मुलगी काय काय प्रश्न विचारेल याचा अंदाज त्यांनाही नव्हता.

हिरोओका असाको जानेवारी १९१९ मध्ये गेल्या आणि नारुसे त्याच वर्षी मार्चमध्ये. जायच्या थोडं आधी, आजारी असतानाच, नारुसेंनी सगळ्यांना बोलावून निरोपाचं भाषण केलं आणि तीन सूत्रं लिहून ठेवली : आपल्या निष्ठेशी प्रामाणिक राहा, स्वतःहून नवं निर्माण करा, एकत्र येऊन सेवा करा. ही सूत्रं आजही विद्यापीठाची म्हणून सांगितली जातात.

पुस्तिका पुण्यात येते

आता आपल्याकडे येऊ. १९१५ साल. अण्णा कर्वे ५७ वर्षांचे. फर्ग्युसनमधली गणिताची प्रोफेसरकी नुकतीच संपलेली. हिंगण्याला विधवांचा आश्रम आणि महिला विद्यालय चालू होतं. अशात त्यांच्या हाती टोकियोच्या या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी सरळ भारतातल्या महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरूही केलं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली होत्या पाच. रामकृष्ण भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू आणि विद्यार्थिनी पाच!

अण्णांनी जपानची झेरॉक्स काढली नाही. त्यांनी मूळ मुद्दा उचलला. परकीय भाषेत घोकंपट्टी करण्यापेक्षा मातृभाषेतून शिकवा. जपानमध्ये जपानीतून उच्च शिक्षण चालतं, मग मराठीतून, गुजरातीतून का नाही? इंग्रजी विषय म्हणून ठेवा, माध्यम म्हणून नको. आरोग्य आणि गृहशास्त्र अभ्यासक्रमात आणा. यावर टीका झाली. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम, मुंबई विद्यापीठाची डिग्रीच त्यांना मिळू दे, असं म्हणणारे सुधारकही होते. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता.

आणि मान्यतेचं काय? तीच कथा. सरकारने डिग्री मानली नाही. अण्णांनी बी.ए.ऐवजी स्वतःची पदवी काढली, 'जी.ए.', म्हणजे गृहीतागमा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. कायद्याने पूर्ण विद्यापीठ व्हायला मात्र १९५१ साल उजाडलं. मेजिरोला ४७ वर्षं, पुण्याला ३५.

अण्णा स्वतः १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, जगाच्या दौऱ्यावर निघाले. युरोप, अमेरिका करत ते टोकियोला पोचले आणि ज्या विद्यापीठाबद्दल पुस्तिकेत वाचलं होतं ते डोळ्यांनी बघून एप्रिल १९३० मध्ये परत आले. नारुसे तेव्हा नव्हते.

आज काय चाललंय?

मेजिरोचं विद्यापीठ आज व्यवस्थित चालू आहे. १९९२ मध्ये तिथे सायन्स फॅकल्टी सुरू झाली. खासगी महिला विद्यापीठात अशी फॅकल्टी जपानमध्ये दुसरी नव्हती. २०२४ मध्ये घरबांधणीच्या जुन्या विभागातून आर्किटेक्चर आणि डिझाइनची स्वतंत्र फॅकल्टी झाली. त्याच वर्षापासून ट्रान्सजेंडर स्त्रियांनाही प्रवेश खुला झाला.

पण सगळीकडे चित्र असं नाही. जपानमध्ये मुलंच कमी जन्माला येत आहेत. १९९२ मध्ये अठरा वर्षांची मुलं-मुली वीस लाखांच्या वर होती, आता ती जवळपास निम्मी आहेत. त्यात आजच्या मुलींना मुलामुलींच्या मोठ्या विद्यापीठांत सहज प्रवेश मिळतो. त्यामुळे महिला विद्यापीठांच्या जागा रिकाम्या पडतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी अशी विद्यापीठं शंभराच्या जवळ होती, ती आता सत्तरीच्या आसपास आली आहेत. २०२३ मध्ये टोकियोच्या केइसेन विद्यापीठाने नवे प्रवेश थांबवायचं जाहीर केलं. निशिनोमिया शहरातलं मुकोगावा हे देशातलं सगळ्यात मोठं महिला विद्यापीठ. त्यानेसुद्धा २०२७ पासून मुलांना घ्यायचं २०२५ मध्ये ठरवलं.

मग गरज संपली का? इथे आपली ब्रँच येते. जपानमध्ये इंजिनिअरिंगच्या पदवीवर्गात मुली साधारण सहापैकी एक. रोबोट बनवणाऱ्या देशात ही स्थिती. म्हणून उलट दिशेनेही हालचाल चालू आहे. नारा महिला विद्यापीठाने २०२२ मध्ये आणि टोकियोच्या ओचानोमिझू महिला विद्यापीठाने २०२४ मध्ये इंजिनिअरिंगची फॅकल्टी काढली. ही दोन्ही सरकारी आहेत. टोकियोच्या नामांकित तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या प्रवेशापासून मुलींसाठी खास जागा ठेवल्या. आपल्या आय.आय.टी.ने २०१८ पासून तेच केलं आहे.

आणि आपल्याकडे? अण्णांच्याच हिंगण्याच्या संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, आज आपण त्याला कमिन्स म्हणून ओळखतो. एस.एन.डी.टी.नेही १९९७ मध्ये मुंबईत मुलींसाठी इंजिनिअरिंग सुरू केलं. पुस्तिकेतून निघालेली वायर अशी आपल्या ब्रँचपर्यंत आली आहे.

वेगळं कॉलेज हवंच कशाला?

हा प्रश्न होस्टेलच्या कट्ट्यावर हमखास निघतो. 'आता मुलींना सगळीकडे अॅडमिशन मिळते, तीस टक्के जागाही आहेत, मग मुलींचं वेगळं कॉलेज म्हणजे उगाच कुंपण.' हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. वेगळ्या संस्थेला पैसा कमी मिळतो, मान्यता उशिरा मिळते, अभ्यासक्रम 'मुलींना झेपेल असा' करायचा मोह होतो. मेजिरोच्या आणि पुण्याच्या दोन्ही कहाण्यांत हे दिसलं.

पण एक गोष्ट आपल्याच लॅबमध्ये बघा. चार जणांच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक मुलगी असली तर सोल्डरिंग कोण करतं आणि रिपोर्ट कोण लिहितं? लेथवर कोण उभं राहतं आणि रीडिंग कोण घेतं? 'तुझं अक्षर चांगलं आहे' असं म्हणून फाइल कुणाच्या हातात दिली जाते? नियम कुठेच नाही, पण वाटणी होते. जिथे सगळ्याच मुली असतात तिथे ही वाटणी करताच येत नाही. सोल्डरिंगही तिचं, रिपोर्टही तिचाच. जनरेटर बंद पडला तरी तिनेच बघायचा, गॅदरिंगचं बजेटही तिनेच बसवायचं. तांगे उमेला टेस्टट्यूब हातात मिळाली ती तिथे दुसरा कुणी ती घ्यायला नव्हता म्हणूनही मिळाली.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं. मुलींची वेगळी संस्था ही तेव्हा गरज होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. ती बंद व्हायला हरकत नाही, पण ती आकड्यांमुळे बंद पडू नये, तिची गरज संपली म्हणून बंद व्हावी. आणि गरज संपवण्याचं काम मंत्रालयाचं किंवा मॅनेजमेंटचं नाही, ते आपल्याच प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये होऊ शकतं. पुढच्या टर्मला प्रोजेक्ट ग्रुप पाडताना कामाची यादी आधी करा, नावं नंतर लिहा. सोल्डरिंग, कोडिंग, रिपोर्ट, व्हायवा, प्रत्येकाने प्रत्येक काम निदान एकदा करायचं असं ठरवा. सरांनी आणि लॅब असिस्टंटनीही यात लक्ष घातलं तर बरं होईल. जर्नल कुणी लिहिलं हे तर ते तपासतातच, सर्किट कुणी जोडलं हेही एकदा विचारावं.